सहाध्यायी मार्गदर्शन आणि विद्यापीठातील नवागत विद्यार्थी



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव होणे स्वाभाविकच आहे. तथापि मागे वळून पाहत असतानाच पुढील पिढीच्या एखाद्या निकडीच्या प्रश्नाचा विचार व्हावा, हेही तितकेच उचित होय. आजच्या भाषणाचा विषय त्याच हेतूने निवडलेला आहे. महाविद्यालयात वा विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला त्याच संस्थेतील, एक-दोन वर्षे पुढे असलेल्या विद्यार्थ्याने वाट दाखवावी, या व्यवस्थेला सहाध्यायी मार्गदर्शन असे म्हणता येईल. ही व्यवस्था आज अनेक ठिकाणी अस्तित्वात आहे. परंतु ज्याच्यासाठी ती आहे त्याच्या कानापर्यंत ती पुष्कळदा पोहोचत नाही. आणि कानापर्यंत पोहोचली तरी मनापर्यंत पोहोचत नाही. ती कशी पोहोचवावी, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे.

पहिल्या सत्राची नाजूक वेळ

बार्शी, फलटण, अकलूज यांसारख्या गावातून बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली एखादी मुलगी पुण्याच्या महाविद्यालयात येते. गावी तिला सारी शाळा ओळखत असे. येथे मोठ्या वर्गात ती हजेरीपटावरील केवळ एक क्रमांक असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले विषय आता इंग्रजीतून ऐकावे लागतात. फळ्यावरचे उतरवून घेईपर्यंत प्राध्यापक पुढील मुद्द्यावर गेलेले असतात. शंका विचारावी तर वर्ग हसेल ही धास्ती, आणि न विचारावी तर विषय हातातून निसटतो. खानावळीचे जेवण, खोलीतील अनोळखी सोबती, शहरातील अंतरे या गोष्टी वेगळ्याच. पहिल्या अंतर्गत परीक्षेत कधी नव्हे इतके कमी गुण मिळाले म्हणजे ती मुलगी मनातून खचते. घरी फोन येतो तेव्हा मात्र "सगळं छान चाललंय" एवढेच उत्तर मिळते. आई-वडिलांना खरी स्थिती कळते ती निकाल लागल्यावर, एटीकेटी हा शब्द घरात प्रथम उच्चारला जातो तेव्हा.

अशा मुलीची अडचण बहुधा बुद्धीची नसते, माहितीची असते. कोणत्या विषयाला कोणते पुस्तक पुरेसे आहे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका कोठे मिळतात, बुक बँकेसाठी अर्ज केव्हा द्यावा, प्रात्यक्षिकांचे जर्नल कोणाकडून तपासून घ्यावे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी तहसील कचेरीतून कोणता दाखला काढून ठेवावा, या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेल्या नसतात. गेल्याच वर्षी त्या वाटेने गेलेला विद्यार्थी मात्र त्या पाच मिनिटांत सांगू शकतो. प्राध्यापकांचे ज्ञान मोठे खरे. परंतु आपल्याला पहिल्या महिन्यात नेमके काय कळत नव्हते, हे त्यांना आठवणे अवघड असते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या मनात ते अद्याप ताजे असते. सहाध्यायी मार्गदर्शनाचे सारे सामर्थ्य एवढ्या एका गोष्टीत आहे.

कल्पना जुनी, तिचे मूळही याच भूमीत

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, ही रीत या देशाला अपरिचित नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून उजळणी आणि पाढे म्हणवून घेत. डॉ. अँड्र्यू बेल या धर्मगुरूंनी १७८९ साली मद्रासजवळील एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची सूत्रे हाती घेतली. देशी शाळांत मुले वाळूवर अक्षरे गिरवून शिकतात हे त्यांनी पाहिले, ती पद्धत उचलली आणि शिकविण्याचे काम थोरल्या मुलांवर सोपविले. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडमधील अनेक शाळांत ही पद्धत "मद्रास पद्धत" याच नावाने रूढ झाली. म्हणजे ही वस्तू परदेशातून आणलेली नाही. येथून गेलेली वस्तू नव्या रूपात परत आलेली आहे.

विनियमांत असलेली, वर्गात न दिसणारी तरतूद

महाराष्ट्राने रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ सालीच केला होता. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला आणि साऱ्या देशाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १७ जून २००९ रोजी रॅगिंगविरोधी विनियम काढले. या विनियमांतील शिक्षेचा भाग सर्वांना ठाऊक आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून जे प्रतिज्ञापत्र घेतले जाते, ते त्याच विनियमांमुळे. परंतु त्यातील दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा असून फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही.

त्या भागानुसार प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपताना एक मार्गदर्शन कक्ष स्थापन करावयाचा असतो. पुढील वर्षी येणाऱ्या नवागतांचे मार्गदर्शक होण्यास स्वेच्छेने तयार असलेले विद्यार्थी त्या कक्षात असावेत. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गातील एक मार्गदर्शक, असे प्रमाणही ठरवून दिलेले आहे. हिशेब सोपा आहे. ३६० नवागत असतील तर ६० मार्गदर्शक आणि त्यांच्या वर १०, म्हणजे एकूण ७० विद्यार्थी पुरतात. शिवाय मदत व मार्गदर्शनासाठी कोणाकडे जावे याची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेले छापील पत्रक प्रत्येक नवागताला द्यावे, असेही विनियमांत सांगितले आहे.

या तरतुदीस दीड दशकाहून अधिक काळ लोटला. मूल्यांकनासाठी जे अहवाल तयार होतात त्यांत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तरही महाविद्यालये देत आली आहेत. परंतु आज प्रथम वर्षाच्या एखाद्या वर्गात जाऊन "तुमचा विद्यार्थी-मार्गदर्शक कोण?" असे विचारल्यास किती हात वर येतील, याचा अंदाज घरात महाविद्यालयीन मुले असणाऱ्यांनी स्वतःच करावा. उत्तम पोताचे ठाण गोदामात पडून असेल तर त्याची किंमत शून्य. ते गादीवर उलगडले, गिऱ्हाइकाने हाताने पोत पारखला, म्हणजेच व्यवहाराला आरंभ होतो. योजनांचेही तसेच आहे.

कॅन्सस सिटीचा धडा

योजना सांगण्याची रीत योग्य असली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील मिसूरी राज्यात, कॅन्सस सिटी येथील विद्यापीठात पाहावयास मिळते. तेथे १९७३ साली डीआना मार्टिन यांनी "सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन" म्हणजे पूरक अध्ययन नावाची पद्धत सुरू केली. वैद्यक, दंतवैद्यक यांसारख्या अभ्यासक्रमांत मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांना साहाय्य करावे, हा मूळ हेतू. परंतु त्यांनी एक मार्मिक निर्णय घेतला. दुर्बल विद्यार्थी शोधून त्यांना वेगळे बसविण्याऐवजी त्यांनी अवघड विषय शोधले. ज्या विषयात सुमारे तीस टक्के वा त्याहून अधिक विद्यार्थी कमी श्रेणी मिळवितात, अनुत्तीर्ण होतात किंवा विषय सोडून देतात, तो विषय अवघड, अशी ढोबळ कसोटी ठरली. अशा विषयासाठी दर आठवड्याला अभ्यासबैठका ठेवल्या आणि त्या सर्वांना खुल्या केल्या.

बैठक चालविणारा विद्यार्थी तोच विषय पूर्वी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला असतो. तो नव्या विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा वर्गात बसतो, टिपणे काढतो आणि बैठकीत व्याख्यान न देता सर्वांना आपापसांत चर्चा करावयास लावतो. बैठकीची घोषणा सत्राच्या आरंभीच, वर्गातच होते. हुशार विद्यार्थी येतात, मध्यम येतात आणि ज्यांना खरी गरज आहे तेही निःसंकोच येतात, कारण येण्याने कोणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. १९८१ साली अमेरिकेच्या शिक्षण विभागाने ही पद्धत अनुकरणीय म्हणून मान्य केली आणि पुढे ती इतर अनेक देशांत गेली.

या उदाहरणाचे मर्म नीट ध्यानी घ्यावे. साहाय्य तेच, साहाय्य करणारा तोच. केवळ आमंत्रणाची भाषा बदलली. "तू कच्चा आहेस म्हणून ये" या वाक्याची जागा "विषय कठीण आहे म्हणून सारे मिळून बसू" या वाक्याने घेतली. एखाद्या दुकानदाराने दारावर "ज्यांना चांगले कापड परवडत नाही त्यांनी येथे यावे" अशी पाटी लावली, तर गरजू माणूससुद्धा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. पोट रिकामे राहिले तरी चालेल पण मान खाली जाता कामा नये, हा स्वाभिमान वयाच्या अठराव्या वर्षी तर फारच तीव्र असतो.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. मुंबईत पवई येथील आय.आय.टी.मध्ये अर्ज आणि मुलाखत घेऊन वरच्या वर्गांतील विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून निवडले जातात आणि नवागतांचे छोटे गट त्यांच्याकडे सोपविले जातात. पुढे दुसऱ्या वर्षी ज्या त्या शाखेतील अभ्यासासाठी वेगळी मार्गदर्शन योजना आहे. तेथे नवागताने मार्गदर्शक मागावयाचा नसतो. तो त्याला दिलेलाच असतो. सर्वांनाच मार्गदर्शक असल्यामुळे तो असण्यात कमीपणा उरत नाही.

सांगावे कसे?

या अनुभवांवरून योजना सांगण्याच्या काही रीती निश्चित करता येतात.

पहिली गोष्ट सूचनेच्या भाषेची. सूचना फलकावर पुष्कळदा असा मजकूर आढळतो : "अभ्यासात कच्च्या असलेल्या व समुपदेशनाची आवश्यकता असलेल्या विद्यार्थ्यांनी संबंधित विभागाशी संपर्क साधावा." ही सूचना वाचून कोणता विद्यार्थी चारचौघांदेखत त्या विभागाकडे वळेल? तीच गोष्ट पुढीलप्रमाणे लिहिता येते : "प्रथम वर्ष वाणिज्य, तुकडी ब. ताळेबंद जुळत नाही? दर बुधवारी दुपारी दोन ते तीन, वर्ग क्रमांक बारा. गेल्या वर्षी हाच पेपर दिलेले दोन विद्यार्थी सोबत बसतील. वही घेऊन यावे. नाव नोंदविण्याची गरज नाही." या मजकुरात वार आहे, वेळ आहे, जागा आहे आणि कोण भेटणार हेही आहे. मोघम आमंत्रण म्हणजे आमंत्रण नसल्यासारखेच. लग्नपत्रिकेत मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता छापला नाही तर वऱ्हाडी येणार कोठून?

दुसरी गोष्ट सांगणाऱ्याची. परिपत्रकापेक्षा माणूस बरा, आणि माणसांतही नुकताच त्या अनुभवातून गेलेला माणूस अधिक बरा. मार्गदर्शक विद्यार्थ्याने स्वतः वर्गात येऊन, प्राध्यापकांच्या अनुमतीने, तीन मिनिटे बोलावे. पहिल्या चाचणीत आपली कशी दमछाक झाली आणि नंतर काय केले, हे त्याने साध्या शब्दांत सांगावे. त्याने वाचून दाखवू नये. व्हॉट्सॲपवरील संदेश उपयुक्त आहे. परंतु तो आठवण देण्यासाठी. पहिली ओळख समक्षच व्हावी.

तिसरी गोष्ट वेळेची. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात शुल्काची पावती, ओळखपत्राचा अर्ज आणि वेळापत्रक अशी डझनभर कागदपत्रे पडतात. त्या पुरात मार्गदर्शनाचे पत्रक वाहून जाते. म्हणून तीच गोष्ट तीन वेळा सांगावी. प्रवेशाच्या वेळी केवळ मार्गदर्शकाचे नाव कळवावे, पहिल्या आठवड्यात गटाची भेट घडवावी आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण लागल्यानंतर पुन्हा आमंत्रण द्यावे. या तिसऱ्या वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण गरजेची जाणीव त्याच दिवशी झालेली असते. वास्तविक बहुतेक ठिकाणी नेमकी तीच वेळ सुटते.

चौथी गोष्ट भीतीची. भारतीय विद्यार्थ्याच्या मनात "सीनियर" या शब्दाभोवती रॅगिंगची सावली आहे. वरच्या वर्गातील मुलाने आपणहून "भेटायला ये" म्हटले, तर नवागताने आणि त्याच्या पालकांनी साशंक होणे चुकीचे नाही. म्हणून योजनेची माहिती देतानाच मर्यादा स्पष्ट कराव्यात. भेट ग्रंथालयात, वर्गात वा मोकळ्या आवारात, दिवसाउजेडी होईल. मार्गदर्शक कोणतेही काम सांगणार नाही, पैसे मागणार नाही, जात, गाव वा घरची परिस्थिती विचारून थट्टा करणार नाही. तक्रार असल्यास अमुक प्राध्यापकांकडे जावे, आणि रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक त्याच पत्रकावर छापलेला असावा. मर्यादा उघडपणे सांगितल्या म्हणजे विश्वास वाढतो.

पाचवी गोष्ट मार्गदर्शकांना सांगण्याची. केवळ प्रमाणपत्राचे आमिष दाखवून माणसे मिळतात, परंतु ती ऑक्टोबरपर्यंत टिकत नाहीत. दुसऱ्याला समजावून सांगताना आपला विषय पक्का होतो, हा खरा लाभ त्यांना सांगावा. निवड करतानाही केवळ सर्वाधिक गुणांकडे पाहू नये. एकदा अडखळून सावरलेला विद्यार्थी पुष्कळदा अधिक चांगला सोबती ठरतो, कारण त्याला खड्डा कोठे आहे हे ठाऊक असते.

वचन तेवढेच द्यावे, जेवढे पाळता येईल

योजनेची जाहिरात करताना अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. मार्गदर्शक विद्यार्थी हा प्राध्यापक नव्हे आणि मनोविकारतज्ज्ञही नव्हे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न किती गंभीर झाला आहे, हे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले यावरूनच ध्यानी येते. अशा वेळी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर पेलवणार नाही असे ओझे टाकणे हा त्याच्यावरही अन्याय होय. नवागताचे बोलणे मार्गदर्शक स्वतःजवळ ठेवील. परंतु कोणाच्या जिवाला धोका जाणवला तर तो त्याच दिवशी जबाबदार प्राध्यापकांना सांगेल, हा नियम दोघांनाही पहिल्या भेटीतच माहीत असावा. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांकही मार्गदर्शकाच्या वहीत असावा.

यशाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडावा. बैठकीला येणाऱ्यांचे गुण अधिक दिसले म्हणून सारे श्रेय बैठकीला देणे योग्य नाही. जे येतात ते मुळातच अधिक उत्सुक असण्याचा संभव असतो. किती नावे नोंदली गेली यापेक्षा एकदा आलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा आला का, हा प्रश्न अधिक बोलका आहे. २००९ च्या विनियमांत पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला नवागतांची निनावी पाहणी करण्यास सांगितले आहे. त्याच कागदावर "तुमच्या मार्गदर्शकाचे नाव काय? शेवटची भेट केव्हा झाली?" असे दोन प्रश्न वाढविले, तरी योजना जिवंत आहे की कागदी, हे लगेच उमगेल.

पालक आणि समाज यांचे काम

आता हा विषय या सभागृहापर्यंत येऊन पोहोचतो. मुलाला वसतिगृहात सोडून परतताना घरोघर एक वाक्य उच्चारले जाते : "कोणाच्या नादी लागू नकोस." त्यामागील काळजी खरी आहे. परंतु या वाक्याने मुलाला एकटे राहण्याचाच उपदेश होतो. त्याच्या जोडीला दुसरे वाक्य असावे : "तुझा मार्गदर्शक कोण आहे ते पहिल्या आठवड्यात विचारून घे." तसेच फोनवर केवळ "जेवलास का?" आणि "अभ्यास चालू आहे ना?" एवढेच न विचारता "या आठवड्यात कोणाला शंका विचारलीस?" असेही विचारावे. मदत मागणे हे कमीपणाचे लक्षण नव्हे, ही शिकवण घरातून गेली तरच महाविद्यालयातील सूचना फलकाचा उपयोग होईल. व्यवहारात नवा माणूस पेढीवर बसला की जुना मुनीम त्याला वर्ष-सहा महिने सोबत बसवून खाते समजावीत असे. त्यात कोणालाच संकोच वाटत नसे. शिक्षणातच तो का वाटावा?

शिष्यवृत्ती देणाऱ्या आणि वसतिगृहे चालविणाऱ्या संस्थांनाही येथे मोठी संधी आहे. शिष्यवृत्तीच्या धनादेशाबरोबर एक साधा कागद देता येईल. त्यावर त्याच महाविद्यालयात वा त्याच शाखेत शिकणाऱ्या आणि यास संमती दिलेल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याचे नाव असावे. मागील वर्षी साहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांना, सक्ती न करता, एवढीच विनंती करावी की नव्याने जाणाऱ्या एकाला सत्रातून तीन वेळा भेटावे : पहिल्या आठवड्यात, पहिल्या परीक्षेनंतर आणि दिवाळीची सुट्टी संपवून परतल्यावर. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. एक यादी लागते आणि ती यादी दरवर्षी जून महिन्यात उघडून पाहणारा एक कार्यकर्ता लागतो.

उपस्थित विद्यार्थ्यांपैकी जे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहेत, त्यांनी जागा सोडण्यापूर्वी एक गोष्ट आठवून पाहावी. पहिल्या महिन्यात कोणती गोष्ट कोणी सांगितली असती तर वाट सुकर झाली असती? ती गोष्ट यंदाच्या एका नवागताला सांगावी. आणि जे नवागत आहेत, त्यांनी उद्या महाविद्यालयात गेल्यावर मार्गदर्शन कक्ष कोठे आहे, एवढी चौकशी करावी. कक्ष कागदावरच असेल, तर चार जणांनी विचारल्यावर तो दारावर पाटी लावून उघडावा लागेल.